जुन्या सोसायटीत व्हीलचेअर कशी फिरेल? गेटपासून न्हाणीघरापर्यंतचं काम

पुण्यात रॅम्प बांधलेल्या सोसायट्या पुष्कळ सापडतील. त्या रॅम्पवरून व्हीलचेअरवरचा माणूस एकट्याने वर गेलेला मात्र क्वचित दिसतो. चढ एवढा उभा की मागून दोघांनी ढकलायचं. वर पोचलं की दारापुढे वळायला जागा नाही, वळता आलंच तर लिफ्टचं दार अरुंद. पैसे खर्च झालेले, रॅम्पचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडलेला, आणि ज्याच्यासाठी हे केलं तो अजून घरातच.

हा लेख अशा सोसायट्यांसाठी आहे. कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी, औंध इथल्या तीन-चार मजली इमारती डोळ्यांसमोर आणा. खाली पार्किंग, मग चार पायऱ्या, मग लिफ्ट असली तर जाळीच्या दाराची. नव्या बांधकामाला नकाशा मंजूर करून घेतानाच नियम लागू होतात, त्यामुळे तिथला प्रश्न वेगळा. आपल्यासारख्या देशात बहुतेक दिव्यांग माणसं आधीच उभ्या असलेल्या इमारतींत राहतात. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. गुडघे गेलेल्या आजी आणि कंबरेचं हाड मोडून सहा महिने पडून असलेले काका त्या आकड्यात नाहीत.

सगळ्या कामाचं सूत्र एकच: गेटपासून घरातल्या संडासापर्यंतची वाट सलग हवी. मध्ये एक जागा अडली की बाकीचा खर्च वाया. म्हणून रॅम्पचं कोटेशन मागवण्याआधी दोन कामं उरकायची. माणसांना विचारायचं आणि वाट मोजायची.

आधी विचारा, पण ग्रुपवर नको

"आपल्या सोसायटीत कोणी अपंग आहे का?" असा मेसेज ग्रुपवर टाकला की उत्तर येत नाही. कोणाला आपल्या मुलाचा आजार चारचौघांत सांगायचा नसतो, तर कोणाला सुनेने तो सांगितलेला चालत नाही. सेक्रेटरी आणि एखादी जुनी रहिवासी बाई असं दोघांनी घरोघरी जावं. विचारायचं ते इतकंच: घराबाहेर पडताना नेमकं कुठे अडतं? दिवसातून किती वेळा बाहेर पडावंसं वाटतं, आणि प्रत्यक्षात किती वेळा पडता? आजाराचं नाव, टक्केवारी, सर्टिफिकेट यांतलं काही विचारायचं नाही.

भाडेकरूंना वगळू नका. घरकामाला येणाऱ्या मावशी, वॉचमन, कुरिअरवाले, तळमजल्यावरच्या दवाखान्यात येणारे पेशंट हेही रोज याच वाटेने जातात. बरेचदा असं निघतं की व्हीलचेअर वापरणारं घर एकच आहे, पण कठड्याला धरून जिना उतरणारी आठ-दहा माणसं आहेत. मग कामाचा क्रम बदलतो आणि सभेत बोलायला बळही येतं.

टेप, खडू आणि लेव्हल पट्टी घेऊन निघा

रविवारी सकाळी, गाड्या पार्किंगमध्येच असताना निघा. गाड्या बाहेर गेल्यावर वाट रुंद दिसते आणि ती खोटी असते. हाताशी मीटर टेप, १२० सेंमीची लेव्हल पट्टी (गवंडी वापरतात ती, बुडबुड्याची) आणि खडू हवा. शक्य असेल तर एक व्हीलचेअर भाड्याने आणा. शहरात रुग्णसाहित्य भाड्याने देणारी दुकानं आणि संस्था पुष्कळ आहेत. साधी घडीची खुर्ची बाहेरून साधारण ६५ सेंमी रुंद असते. चाक फिरवणाऱ्या हाताची कोपरं धरली तर ८० सेंमीच्या आत ती मोकळेपणाने जात नाही. मानकं ९० सेंमी मोकळी रुंदी मागतात ती यासाठीच.

सुरुवात गेटपासून करा. मोठं गेट दिवसभर बंद आणि माणसं छोट्या गेटातून जातात, अशी पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. छोट्या गेटाला खाली लोखंडी पट्टी असते, जमिनीपासून आठ-दहा सेंमी वर. ती कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पाय आपोआप उचलला जातो. व्हीलचेअरची पुढची लहान चाकं तिथेच थांबतात. फॅब्रिकेटरला बोलावून पट्टी कापायची आणि गेट वरून बिजागरीवर टांगून घ्यायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

गेटाच्या आत पावसाच्या पाण्याच्या गटारावर जाळी असते. जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला समांतर असतील तर पुढचं चाक त्यात अडकतं. अंध माणसाची पांढरी काठी अडकते, टाचेची चप्पलही अडकते. जाळी उचलून आडवी बसवता आली तर खर्च शून्य. नाहीतर बारीक फटीची नवी जाळी.

पुढे पार्किंगमधून लॉबीपर्यंत. दोन गाड्यांमध्ये खांबापाशी सर्वात अरुंद जागा कुठे आहे ती खडूने खुणावा आणि आकडा तिथेच फरशीवर लिहा. लॉबीच्या पायऱ्या किती, प्रत्येकीची उंची किती. लिफ्टच्या दाराची मोकळी रुंदी. दार मोजताना चौकट ते चौकट मोजू नका. दार पूर्ण उघडून फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. अडीच फुटी म्हणवलं जाणारं दार अशा मोजणीत बऱ्याचदा ६७-६८ सेंमीच भरतं. मग मजल्यावरचा पॅसेज, तिथे ठेवलेली चपलांची रॅक, घराचा उंबरा आणि शेवटी न्हाणीघर. खुर्ची जागच्या जागी फिरायला १५० सेंमी व्यासाचं वर्तुळ लागतं. लिफ्टसमोर ते खडूने काढून बघा, म्हणजे कुंडी कोणाची हटवायची ते आपोआप ठरतं.

हे आकडे एका कागदावर क्रमाने लिहून काढा. सर्वात अरुंद आणि सर्वात उंच जागा लाल पेनने अधोरेखित करा. सभेत हाच कागद दाखवायचा आहे.

रॅम्प: गणित पायरीवरून करा, जागेवरून नको

जास्तीत जास्त चूक इथेच होते. "एवढी जागा आहे, त्यात बसवा" असं गवंड्याला सांगितलं जातं आणि तो बसवून देतो. त्याचा दोष नाही, त्याला उतार कोणी सांगितलेलाच नसतो.

भारतातल्या मानकांनुसार उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे एक सेंमी चढायला बारा सेंमी लांबी. पायरी १५ सेंमीची धरली तर दोन पायऱ्यांना ३.६ मीटर, तीन पायऱ्यांना ५.४ मीटर, पाच पायऱ्यांना ९ मीटर. ही फक्त उताराची लांबी झाली. वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा वेगळी. रॅम्प वळणार असेल तर वळणावरही तेवढीच सपाट जागा. तीन पायऱ्यांसाठी सगळं मिळून आठ मीटरच्या वर जातं, हा आकडा ऐकून समितीचे चेहरे पडतात. पडू द्या. आता पडले तर बरं, काँक्रीट ओतल्यावर पडण्यापेक्षा.

जागा सरळ रेषेत नसेल तर भिंतीच्या कडेने काटकोनात वळवा, किंवा इमारतीच्या बाजूने नेऊन लॉबीच्या दुसऱ्या दाराला जोडा. पण "मागच्या बाजूने, कचऱ्याच्या डब्यांजवळून" हा मार्ग सुचवला गेला तर विरोध करा. दिव्यांग माणसाने रोज ओल्या कचऱ्याशेजारून घरी यायचं आणि बाकीच्यांनी पुढच्या दाराने, यात काहीतरी चुकतंय हे सांगायला कायदा लागू नये.

पार्किंगमध्ये उतरणारा गाड्यांचा उतार म्हणजे रॅम्प नव्हे. तो बहुधा दुपटीने तीव्र असतो आणि गाडी घसरू नये म्हणून त्याला आडव्या खोल खाचा पाडलेल्या असतात. त्या खाचांवरून खुर्ची नेली तर मणक्याला इजा झालेल्या माणसाचं सगळं अंग हादरतं.

रॅम्पची रुंदी किमान १२० सेंमी. दोन्ही बाजूंना कठडा, दोन उंचींवर: ७६ आणि ९० सेंमी. खालचा दांडा खुर्चीवाल्याला आणि मुलांना, वरचा चालणाऱ्याला. दीड इंची पाइप मुठीत नीट मावतो. चौकोनी पाइप दिसायला बरा, धरायला वाईट. भिंतीला लागून असेल तर मध्ये पाच सेंमी फट ठेवा, बोटं आत जायला हवीत. दांडा रॅम्पच्या दोन्ही टोकांना ३० सेंमी पुढे जावा, म्हणजे चढ सुरू होण्याआधी हाताला आधार सापडतो. मोकळ्या कडेला सात-आठ सेंमी उंचीची कड काढा. तिच्यामुळे चाक खाली जात नाही.

पृष्ठभागावर बहुतेक वेळा गुळगुळीत ग्रॅनाइट घातला जातो, कारण लॉबीत तोच असतो. जुलैत त्यावरून चालून बघा. साध्या काँक्रीटवर ओलेपणी खराट्याने आडव्या बारीक रेघा मारल्या तर पकड उत्तम मिळते आणि पैसेही वाचतात. दगडच हवा असेल तर खडबडीत केलेला घ्या. शहाबादी फरशीवर शेवाळ धरतं, ती उघड्यावर टाळा.

काम सुरू असताना उतार तपासायची सोपी रीत: १२० सेंमीची लेव्हल पट्टी रॅम्पवर उताराच्या दिशेने ठेवा. खालचं टोक उचलत जा, बुडबुडा मध्ये येईपर्यंत. आता खालच्या टोकाखालची फट मोजा. १० सेंमी किंवा कमी असेल तर ठीक. १४ आली तर गवंड्याला तिथेच थांबवा. ही तपासणी कोणीही करू शकतो, इंजिनिअर लागत नाही.

जागाच नसेल तर? एका पायरीसाठी घडीचा ॲल्युमिनियमचा रॅम्प मिळतो, तो वॉचमनच्या खोलीत ठेवता येतो. मात्र वॉचमन जागेवर नसला की तो रॅम्पही नसल्यासारखाच. चार-पाच पायऱ्या आणि जागा शून्य असेल तर खुर्चीसकट उचलणारा लहान प्लॅटफॉर्म-लिफ्ट हा पर्याय आहे. महाग आहे आणि देखभाल लागते, पण ४५ अंशांच्या घसरगुंडीपेक्षा तो खर्च सत्कारणी लागतो.

आणि रॅम्प झाल्यावर त्याच्या पायथ्याशी दुचाकी लागणार, हे गृहीत धरा. पिवळे पट्टे आणि पाटीने फरक पडत नाही. सपाट जागेच्या दोन कोपऱ्यांना खाली पक्के बसवलेले छोटे खांब लावा. त्यांच्यामध्ये ९० सेंमी किंवा जास्त अंतर ठेवा, नाहीतर दुचाकीबरोबर खुर्चीही अडायची. गणपतीत मांडवाचा बांबू नेमका इथेच रोवला जातो आणि दिवाळीत रॅम्पवर रांगोळी येते. ओल्या पायांखाली रांगोळीची पूड फार घसरते. कार्यक्रम समितीला हे आधी सांगून ठेवा, नंतर भांडण्यापेक्षा.

लिफ्ट असेल तर, आणि नसेल तर

जुन्या लिफ्टमध्ये फुकटात होणारी एक गोष्ट आहे. दार उघडं राहण्याची वेळ वाढवता येते. सर्व्हिसिंगला येणाऱ्या तंत्रज्ञाला सांगितलं की तो कंट्रोल पॅनेलमध्ये सेटिंग बदलून देतो. वॉकर घेऊन चालणाऱ्याला चार सेकंद पुरत नाहीत. मागच्या भिंतीवर आरसा लावा. आत फिरायला जागा नसली की खुर्ची उलटी बाहेर काढावी लागते, तेव्हा मागचं त्यात दिसतं. बटणांची उंची ९० ते १२० सेंमीच्या दरम्यान हवी. बटणाशेजारी उठावदार आकडे आणि ब्रेल चिकटवता येते. मजला सांगणारा आवाज बहुतेक कंपन्या जोडून देतात. वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी यंत्रणा जुन्या लिफ्टला नसेल तर ती आधी बसवा.

लिफ्ट बदलायची वेळ आली असेल तर हीच संधी. आतून किमान ११० सेंमी रुंद आणि १४० सेंमी खोल, दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी, आणि आपोआप सरकणारं दार हे कोटेशन मागवतानाच लिहून द्या. जाळीचं दार बसल्या जागेवरून एका हाताने ओढता येत नाही. जुना लिफ्टचा खड्डा एवढा मोठा नसेल, तर मिळेल तेवढी खोली घ्या आणि दार शक्य तितकं रुंद करा.

लिफ्टच नसेल आणि बाहेरून बसवायची असेल तर तो स्वतंत्र प्रकल्प आहे: स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल, महापालिकेची परवानगी, विद्युत निरीक्षकांकडून लिफ्टचा परवाना. याला वेळ लागतो. तोवर जिना सुधारा. दोन्ही बाजूंना सलग कठडा, प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची खडबडीत पट्टी, वळणावर चांगला दिवा. वरच्या मजल्यावरच्या घराने तळमजल्यावरच्या घराशी अदलाबदल केल्याची उदाहरणंही आहेत. भाड्याने देण्याच्या पद्धतीने हे सोपं जातं, विकण्या-घेण्याच्या भानगडीत पडावं लागत नाही.

न्हाणीघर

सोसायटी इथे हात घालत नाही, हा ज्याच्या-त्याच्या घराचा मामला. पण पडायला होतं ते बहुधा इथेच, म्हणून सविस्तर लिहितो.

दार आधी. पुण्यातल्या जुन्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराचं दार सव्वादोन फुटी आणि आत उघडणारं. आत पडलेला माणूस त्याच दाराला टेकलेला असतो आणि बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. दार बाहेर उघडणारं करून घ्या, किंवा सरकतं. सुतार एका दिवसात करतो. तेवढंही जमत नसेल तर दार काढून जाड पडदा लावा. घरच्यांना चार दिवस विचित्र वाटतं, मग सवय होते.

पाणी बाहेर येऊ नये म्हणून केलेला उंबरा काढायचा असेल तर पाण्याचा उतार नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जाणाऱ्या जाळीकडे, पुन्हा काढावा लागतो, फरशी उखडावी लागते. तेवढा खर्च नको असेल तर उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना रबराची उतरती पट्टी ठेवा.

आधाराचे दांडे बसवताना भिंत कशाची आहे ते बघा. आतल्या भिंती बऱ्याचदा चार इंची विटांच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात प्लॅस्टिकची गट्टी आणि साधा स्क्रू माणसाचं वजन पेलत नाही. विटेला अँकर फास्टनर हवा. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी लावायची. टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे, पण घाईत हात त्याच्याकडेच जातो. म्हणून तो तिथून काढूनच टाका. दांडा बसल्यावर घरातल्या सर्वात वजनदार माणसाने त्याला लोंबकळून बघायचं. हलला तर पुन्हा बसवा.

कमोडची बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंमी असावी, म्हणजे खुर्चीवरून सरकून बसता येतं. भारतीय पद्धतीचं भांडं असेल आणि लगेच बदलायचं नसेल तर वर ठेवायची कमोड-खुर्ची मिळते. चाकांची घेतलीत तर चाकांना ब्रेक आहे का ते बघा. हँड शॉवर, खाली रबर लावलेलं स्टूल, बसल्या हाताला पोचेल असा नळ एवढ्यावर बऱ्याच जणांची आंघोळ स्वतंत्रपणे होऊ लागते.

ज्यांना दिसत नाही, ज्यांना ऐकू येत नाही

सुगम्यता म्हटलं की सगळे चाकांबद्दलच बोलतात. अंध माणसाला रॅम्पपेक्षा डोक्याच्या उंचीवर बाहेर आलेलं एसीचं यंत्र किंवा अर्धवट उघडी खिडकी जास्त धोक्याची. काठी जमीन तपासते, हवेतलं तिला कळत नाही. जमिनीपासून २१० सेंमीपर्यंत वाटेत काही बाहेर आलेलं नको. जिना सुरू होण्याआधी फरशीचा पोत बदला, म्हणजे पायाला समजतं. ज्यांना अंधुक दिसतं त्यांच्यासाठी काचेच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला ठळक पट्टा मारा आणि फ्लॅट नंबर मोठे, गडद-फिक्या रंगात करा. सोनेरी पाटीवर सोनेरी अक्षरं सुंदर दिसतात, पण वाचता कोणालाच येत नाहीत.

नोटिशीचं एक सांगायचं राहून जातं. सेक्रेटरी नोटीस टाइप करतात, प्रिंट काढतात, सही करतात, मग तिचा फोटो ग्रुपवर टाकतात. अंध माणसाचा मोबाइल लिखित मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, पण फोटोतला मजकूर त्याला नीट सापडतोच असं नाही. तीच नोटीस मेसेजमध्ये मजकूर म्हणूनही टाका. पाणी उद्या बंद आहे हे त्याला शेजाऱ्याला विचारावं लागू नये.

कर्णबधिर माणसासाठी दाराच्या बेलबरोबर दिवा लुकलुकणारी जोडणी इलेक्ट्रिशियन करून देतो. आगीच्या भोंग्याबरोबर लुकलुकता दिवा जिन्यात आणि त्या घरात हवा. वॉचमनने इंटरकॉमवर हाका मारत बसण्यापेक्षा मेसेज करावा, हे त्याला एकदा समजावून सांगितलं की पुरतं.

सभा, पैसा आणि ठराव

आपली इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट, हे आधी बघा. पुण्यात १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारती भरपूर आहेत, त्यांचा कारभार घोषणापत्र आणि त्यासोबतच्या उपविधींवर चालतो. सोसायटी असेल तर वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी निघते. म्हणून विषयपत्रिकेत विषय घालायचं पत्र जुलैतच द्या. समिती टाळाटाळ करत असेल तर एक पंचमांश सभासद सह्या करून विशेष सभा मागू शकतात. कठडा, गेटची पट्टी, दिवे असली छोटी कामं सभेशिवाय होतात. समितीच्या खर्चाची मर्यादा उपविधीत दिलेली असते, ती बघा आणि हे लगेच उरका. काही काम डोळ्यांना दिसलं की मोठ्या कामाला विरोध कमी होतो.

रॅम्पसारखा खर्च दुरुस्ती-देखभाल निधीतून करता येतो. तीन कोटेशन मागवा, पण तिघांनाही तोच मोजमापाचा कागद द्या. नाहीतर सर्वात स्वस्त कोटेशन सर्वात उभ्या रॅम्पचं असतं. ठराव मोघम नको. असा काहीसा लिहा:

"इमारतीच्या मुख्य प्रवेशद्वाराशी १:१२ पेक्षा तीव्र नसलेल्या उताराचा, किमान १२० सेंमी रुंदीचा, दोन्ही बाजूंना दुहेरी कठडा असलेला रॅम्प बांधण्यास व त्याच्या वरच्या-खालच्या सपाट जागेत वाहन न लावण्यास ही सभा मंजुरी देते. काम स्वीकारण्यापूर्वी उताराची तपासणी करून नोंद इतिवृत्तात ठेवावी."

उताराचा आकडा ठरावात असला की नंतर तो बदलता येत नाही.

सभेत दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं, "एका घरासाठी सगळ्यांनी का द्यायचं?" इथे घरोघरच्या चौकशीचा कागद काढा. गॅस सिलिंडर, फ्रिज, बाळाची गाडी, बाजाराची ट्रॉली याच रॅम्पवरून जाणार. दुसरं, "पार्किंग जाईल." जाईलच, एखादं. दिव्यांग सभासदाच्या गाडीला तर ३.६ मीटर रुंदीची जागा लागते, कारण दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावायची असते. यावर गोड बोलून उपयोग नाही, मतदान घ्या.

कायदा माहीत असावा, पण पहिल्या मिनिटाला काढू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातल्या खासगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्थेचा उल्लेख आहे आणि कलम ३ दिव्यांगत्वावरून भेदभाव करायला मनाई करतं. लोकांचा वावर असलेल्या जुन्या इमारती पाच वर्षांत सुगम्य करा, असं कलम ४५ म्हणतं. निव्वळ राहत्या इमारतीला ते कितपत लागू, यावर वकील वाद घालतील. खाली दवाखाना, क्लास किंवा दुकानं असतील तर त्या भागापुरता वाद फारसा उरत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, बंधनकारक किमान मानकं करा, असं केंद्र सरकारला बजावलं. वाऱ्याची दिशा कुठली आहे ते यावरून कळावं.

समिती ऐकतच नसेल तर

तोंडी बोलणं बंद करा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, मोजमापाचा कागद आणि फोटो जोडा, उत्तराला मुदत द्या. स्वतःच्या खर्चाने रॅम्प किंवा कठडा करायची तयारी असेल तर तेही लिहा. त्यावरही नकार आला तर तो नकार पुढे फार उपयोगी पडतो. सोसायटीच्या कारभाराबद्दल सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाता येतं. दिव्यांग हक्काबद्दल राज्य दिव्यांग आयुक्तांकडे, आणि त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं नसेल तर काढून ठेवा. तक्रारीत आणि सरकारी योजनेतून खुर्ची मिळवताना ते लागतं.

मात्र शेजाऱ्यांविरुद्ध तक्रार करून त्याच इमारतीत राहायचं असतं. तक्रारीचा मसुदा तयार ठेवून एकदा अध्यक्षांना दाखवला, तर निम्म्या वेळा तो पाठवावा लागत नाही.

गेटाबाहेर

इथे सोसायटीचा हात तोकडा पडतो. जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ रुंद झाला, मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आणि पायाला कळणाऱ्या पट्ट्या आहेत. पण घरापासून स्थानकापर्यंत जाताना फुटपाथवर डीपी बॉक्स, दुचाकी आणि उंच कड हे सगळं लागतं. फोटो आणि नेमकी जागा देऊन महापालिकेच्या पीएमसी केअर या तक्रार सेवेवर तक्रार करा, आणि तीच लेखी क्षेत्रीय कार्यालयात द्या. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या निधीतला ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो आपल्या प्रभागात कुठे गेला, हे नगरसेवकाला विचारता येतं.

बिल देण्यापूर्वी

ठेकेदाराने "झालं काम" म्हटलं की सोसायटीतल्या ज्या माणसाला याची गरज आहे त्याला, कोणाची मदत न घेता, गेटपासून घरापर्यंत जायला सांगा. समितीने बाजूला उभं राहायचं, हात लावायचा नाही. तो जिथे थांबेल तिथलं काम अजून बाकी आहे. खुर्चीवाल्याबरोबर एखादी काठी घेऊन चालणारी आजी आणि दिसत नसलेला माणूस मिळाला तर तिघांनाही. एकाला सोयीचं झालेलं दुसऱ्याला कधीकधी अडतं: खुर्चीसाठी फुटपाथची कड पूर्ण सपाट केली की अंध माणसाला रस्ता कुठे सुरू झाला ते कळत नाही. तिथे पोत बदललेली फरशी बसवायची.

बिलातली काही रक्कम पहिला पाऊस होईपर्यंत राखून ठेवा आणि हे वर्कऑर्डरमध्ये आधीच लिहा. पाणी रॅम्पच्या पायथ्याशी साचतं का, कठड्याचा बोल्ट गंजतो का, रेघा मारलेला पृष्ठभाग गुळगुळीत होतो का, हे ऑगस्टपर्यंत कळतं. त्यानंतर दरवर्षी पाण्याच्या टाक्या धुण्याच्या दिवशीच कठड्याचे बोल्ट, गेटाची बिजागरी आणि घरातले आधाराचे दांडे पान्याने आवळून घ्यायचे.